गाणे बंद खोलीत जाते तेव्हा



कै. गुरुजींच्या स्मृतिप्रीत्यर्थ होणाऱ्या या व्याख्यानासाठी संस्थेने मला पाचारण केले, याबद्दल मी कार्यकारी मंडळाचा मनापासून ऋणी आहे. याच शाळेच्या बाकांवर बसून मी मराठी शिकलो. घरात खानदेशी वळणाची मराठी, गल्लीत निमाडी आणि उर्दू, कचेरीत हिंदी, अशा या बऱ्हाणपुरात मराठी शाळा चालवणे म्हणजे काय, हे येथे बसलेल्या कोणालाही सांगावे लागणार नाही. गुरुजींनी आम्हांला धडे शिकवले, कविता पाठ करवून घेतल्या. पण माझ्या मते त्यांची मोठी देणगी वेगळीच होती. वर्गात एखादा मुलगा पुस्तकात नसलेला, घरचा शब्द बोलून गेला, की ते त्याला हटकत नसत. खडू खाली ठेवून विचारीत, "हा शब्द तुझ्याकडे कोणाकडून आला रे?" मग आजी, मामा, शेजारचा विणकर, कोणी ना कोणी त्या शब्दामागून वर्गात येऊन उभे राहत असे. आज मी जे बोलणार आहे, ते गुरुजींच्या त्या प्रश्नाचेच बोट धरून.

आजवर या व्यासपीठावरून संतवाङ्मय, इतिहास, शिक्षण अशा भारदस्त विषयांवर व्याख्याने झाली. माझा विषय ऐकून काही ज्येष्ठांच्या भुवया उंचावतील, याची मला कल्पना आहे. मी बोलणार आहे एका ध्वनिमुद्रिकेविषयी. दिल्लीच्या 'इंडियन ओशन' या वाद्यवृंदाने सन २००० मध्ये 'कंदिसा' नावाची ध्वनिमुद्रिका प्रसिद्ध केली. तीत सात रचना आहेत आणि त्यांतील एक आपल्या शेजारची आहे. ती नर्मदेची आहे. तिचे नाव 'मा रेवा'. लोकांच्या तोंडी असलेले गाणे ध्वनिमुद्रणाच्या बंद खोलीत जाते तेव्हा त्याचे काय होते, आणि ते बाहेर आल्यावर आपण त्याचे काय देणे लागतो, एवढाच माझ्या विवेचनाचा मर्यादित हेतू आहे.

मात्र नर्मदेपर्यंत पोहोचण्यापूर्वी थोडे परदेशी जावे लागेल. गेल्या काही दशकांत पाश्चात्य देशांत 'फोक पंक' नावाचा संगीतप्रकार रूढ झाला. 'फोक' म्हणजे लोकगीत, हे आपणांस ठाऊक आहे. 'पंक' ही १९७६-७७ च्या सुमारास इंग्लंडमध्ये उसळलेली तरुणांची बंडखोर लाट. बेकारी वाढलेली, मोठ्या कंपन्यांचे गुळगुळीत संगीत ऐकून कान विटलेले, अशा काळात काही मुलांनी ठरवले की वाद्य उत्तम वाजवता येण्याची वाट पाहायची नाही. तीन स्वरमेळ येत असतील तर तेवढ्यावर उभे राहायचे, वेगाने वाजवायचे आणि जे म्हणायचे ते ओरडून म्हणायचे. या वृत्तीने जेव्हा आजोबा-पणजोबांच्या गाण्यांना हात घातला, तेव्हा फोक पंक जन्मास आले.

त्याचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे १९८२ मध्ये लंडनमध्ये स्थापन झालेला 'द पोग्ज' हा वाद्यवृंद. शेन मॅकगोवन हा त्याचा मुख्य गायक आणि गीतकार. त्याचा जन्म १९५७ मध्ये इंग्लंडमध्ये, आयरिश आईवडिलांच्या पोटी झाला. २०२३ च्या नोव्हेंबरात तो निवर्तला. पोटापाण्यासाठी देश सोडून आलेल्या माणसांची पुढची पिढी ना धड इकडची, ना धड तिकडची असते. या मुलांनी आपल्या वडीलधाऱ्यांची बँजो, अकॉर्डियन आणि टिनची बासरी हाती घेतली आणि ती पंकच्या वेगाने वाजवली. १९८५ साली त्यांची दुसरी ध्वनिमुद्रिका निघाली. इंग्रजी आरमारातील जुन्या क्रूर जीवनाविषयीच्या एका प्रसिद्ध उद्गारातून तिचे नाव घेतले आहे. त्या नावात रम आहे, चाबूक आहे आणि तिसरा एक शब्द आहे, जो शाळेच्या व्यासपीठावरून उच्चारण्याचे मी टाळतो. मुखपृष्ठावर फ्रेंच चित्रकार जेरिको याच्या 'मेड्यूसाचा तराफा' या चित्राची नक्कल असून बुडालेल्या जहाजातून वाचलेल्या माणसांच्या चेहऱ्यांजागी वादकांचे चेहरे रंगवले आहेत. या ध्वनिमुद्रिकेची निर्मिती एल्विस कॉस्टेलो या नामवंत गायकाने केली. कोणी अधिक सफाईदार माणसाने या मुलांना घासूनपुसून चकचकीत करण्याआधी त्यांना आहेत तसे टिपून ठेवावे, अशी त्याची भूमिका होती. ध्वनिमुद्रण करणाऱ्याची ही समज फार मोलाची आहे. तिच्याकडे मी पुन्हा येणार आहे.

याच ध्वनिमुद्रिकेत 'डर्टी ओल्ड टाउन' हे गाणे आहे. कापडगिरण्या, धूर, कालवा आणि गोदी असलेल्या एका कळकट औद्योगिक गावाचे ते गाणे. पोग्जमुळे ते इतके पसरले, की असंख्य लोक त्याला जुने आयरिश लोकगीत समजतात. वस्तुतः त्याचा आयर्लंडशी संबंध नाही. ते इवान मॅककॉल यांनी १९४९ मध्ये एका नाटकासाठी लिहिले आणि त्यातील गाव म्हणजे त्यांचे जन्मगाव, मँचेस्टरला चिकटून असलेले सॅलफर्ड. कवीला याहून मोठा सन्मान कोणता, की त्याचे गाणे लोकांचे होऊन जावे? पण त्याच क्षणी कवीचे नाव पुसले जाते आणि त्या गावाचेही. यंत्रमागांच्या खडखडाटात जन्म काढलेल्या आपल्यासारख्या गावकऱ्यांना या उदाहरणाचा अर्थ चटकन कळावा. आपल्या गावाचे गाणे जगभर गाजावे आणि ते आपले आहे हे कोणाला ठाऊकही नसावे, यात समाधान अधिक की खंत अधिक?

आता काही जण म्हणतील, हे सारे परकीय. मराठी मनाला त्याचे काय? माझे म्हणणे असे, की लोकांच्या चालीवर लोकांचा संताप मांडण्याची रीत आपल्याला नवीन नाही. डफ, तुणतुणे आणि खडा आवाज एवढ्या सामग्रीवर आपले शाहीर उभे राहिले. १९४४ मध्ये अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांनी लाल बावटा कलापथक स्थापन केले आणि मुंबईच्या गिरणगावात तमाशाच्या, पोवाड्याच्या जुन्या साच्यांत कामगारांचे रोजचे जिणे ओतले. तेथेही आवाज गोड असण्यापेक्षा खरा असण्याला महत्त्व होते. आपल्या शाहिरांनीही ध्वनिमुद्रणाची बंद खोली पाहिलेली आहे. जुन्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन मिनिटांचे गाणे मावत असे. रात्र-रात्र चालणारा पोवाडा त्या तीन मिनिटांत बसवताना काय गाळावे लागले असेल, याचा विचार आपण क्वचितच करतो. तबकडीवर शाहिराचा आवाज उरला. समोर बसलेला आणि त्याला प्रतिसाद देणारा समुदाय मात्र गळाला.

या पार्श्वभूमीवर 'इंडियन ओशन'कडे वळू. १९९० मध्ये दिल्लीत सुस्मित सेन आणि अशीम चक्रवर्ती यांनी हा वाद्यवृंद उभा केला. पुढे राहुल राम आणि अमित किलम त्यात आले. सुस्मित गिटार वाजवीत, अशीम तबला वाजवता वाजवता गात, राहुल राम बास गिटार वाजवून गात आणि अमित ड्रम वाजवीत. करोलबागेतील एका जुन्या घरात वर्षानुवर्षे त्यांचा सराव चाले. त्यांना कोणी फोक पंक म्हणत नाही, आणि त्यांच्या वादनात तो बेफाम वेगही नाही. त्यांची तालीम कसून झालेली आहे. परंतु गाणे कोठून घ्यावे आणि कोणासाठी गावे, याबाबतीत ते त्या वृत्तीचे सख्खे नातलग ठरतात. पथनाट्य करताना हल्ला होऊन १९८९ च्या जानेवारीत मृत्यू पावलेल्या सफदर हाश्मी यांच्या स्मरणार्थ दिल्लीत दरवर्षी १ जानेवारीला कलावंत एकत्र येतात. १९९७ च्या अशाच मेळाव्यात या वाद्यवृंदाने जे वाजवले, त्याचेच ध्वनिमुद्रण 'डेझर्ट रेन' या नावाने प्रसिद्ध झाले. त्यानंतरची ध्वनिमुद्रिका 'कंदिसा'. ती मात्र स्टुडिओत, सवडीने घडवलेली.

'कंदिसा' या शब्दाचा अर्थ 'पवित्र'. केरळातील सीरियन ख्रिस्ती समाजाच्या उपासनेतील सुरियानी भाषेतले एक प्राचीन स्तोत्र या नावाच्या रचनेत आहे. ज्या भाषेचा आज दैनंदिन व्यवहारात आपणांस गंधही नाही, ती शतकानुशतके केवळ गाण्यामुळे भारताच्या एका किनाऱ्यावर तग धरून राहिली. दुसरी एक रचना गोरख पांडे या कवीच्या भोजपुरी कवितेवर आहे, आणि तिसरी आपल्या नर्मदाकाठची. एका ध्वनिमुद्रिकेत एवढ्या भाषा शेजारी-शेजारी नांदतात, याचे दिल्ली-मुंबईच्या श्रोत्यांना नवल वाटले असेल. आपल्या जामा मशिदीत अरबीबरोबर संस्कृत शिलालेख कोरलेला आहे, आणि तो सोळाव्या शतकाच्या अखेरीस, फारुकी राजवटीत कोरलेला आहे. अशा गावातल्या माणसाला त्याचे नवल कशाला वाटावे?

'मा रेवा' हे गाणे या वाद्यवृंदाकडे कोणाकडून आले? गुरुजींचा प्रश्न येथे विचारावा लागतो, आणि सुदैवाने त्याचे निम्मे उत्तर आपल्याजवळ आहे. राहुल राम यांनी अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठातून पर्यावरणातील विषद्रव्यांच्या अभ्यासावर डॉक्टरेट घेतली होती. परत आल्यावर १९९० नंतरची काही वर्षे ते नर्मदा बचाओ आंदोलनाच्या कामात खोऱ्यात राहिले. मेधा पाटकर यांच्या नेतृत्वाखाली आंदोलन ऐन भरात असलेला तो काळ. १९९० मध्येच बाबा आमटे आनंदवन सोडून बडवानीजवळ कसरावद येथे नर्मदेच्या काठी राहावयास आले होते. सभा, धरणे, पदयात्रा यांत भाषणांइतकीच गाणी होती; निमाडी, भिली, हिंदी, मराठी, ज्याला जी येईल ती. तेथे राहुल राम यांनी नर्मदेचे हे लोकगीत ऐकले, आत्मसात केले आणि दिल्लीस नेले. गाण्यात रेवामाईला हाक आहे, तिच्या निर्मळ, खळाळत वाहणाऱ्या पाण्याचे गुणगान आहे. घोषणा नाही, मागणी नाही. परिक्रमावासी म्हणेल, घाटावरची बाई म्हणेल, असे साधे भक्तिगीत आहे ते.

हे गाणे बंद खोलीत गेले म्हणजे नेमके काय झाले? स्टुडिओत बहुधा प्रत्येक वाद्याचा आवाज स्वतंत्र मार्गावर टिपतात. गायक कानांवर श्रवणयंत्र लावून काचेमागे एकटा उभा असतो. चुकले तर तेवढाच तुकडा पुन्हा घेतात, आणि शेवटी सारे मार्ग तोलून एकत्र मिसळतात. आपल्याकडील भजनात एक जण ओळ टाकतो आणि बाकीचे ती उचलतात. ओळ उचलणाऱ्यांत झांजवाले असतात, पोर कडेवर घेतलेली बाई असते, मागे तंबाखू मळत बसलेला म्हातारा असतो. स्टुडिओत ते कोणीही नसतात. त्यांची जागा वादकांनाच भरून काढावी लागते. 'मा रेवा' ऐकताना जाणवते ते हे, की या चौघांनी ती जागा ओळखली होती. गिटार आणि तबला गायकाला नुसती साथ करीत नाहीत, त्याची ओळ उचलतात, थोडी फिरवतात आणि परत देतात. रचनेची लांबीही चित्रपटगीताच्या हिशेबाने कापलेली नाही. पोवाड्याला तबकडीवर जी मोकळीक मिळाली नाही, ती या गाण्याला मिळाली. कॉस्टेलोने आयरिश पोरांच्या बाबतीत जी समज दाखवली, तिचेच हे दुसरे रूप मला वाटते.

आता सनावळीकडे पाहा. ध्वनिमुद्रिका निघाली सन २००० मध्ये. त्याच वर्षी १८ ऑक्टोबर रोजी सर्वोच्च न्यायालयाने सरदार सरोवराचे बांधकाम पुढे नेण्यास अनुमती दिली. या धरणाच्या बुडित क्षेत्रात महाराष्ट्रातील ३३ आणि गुजरातमधील १९ गावे. सर्वाधिक गावे मात्र आपल्या मध्य प्रदेशातील, बहुतांशी निमाडातील. २०१७ च्या सप्टेंबरात १३८.६८ मीटर उंचीच्या या धरणाचे लोकार्पण झाले आणि २०१९ च्या सप्टेंबरात ते प्रथमच काठोकाठ भरले. त्याच्याही आधी, पुनासा येथील इंदिरा सागर धरणापायी २००४ मध्ये हरसूद उठले. हरसूद आपल्याला परके नव्हे. १५ ऑगस्ट २००३ रोजी बऱ्हाणपूर वेगळा जिल्हा झाला, तोवर आपण आणि ते एकाच खंडवा जिल्ह्यात होतो. १९८९ च्या सप्टेंबरात त्याच हरसूदला धरणांच्या विरोधात देशभरातून हजारो माणसे जमली होती. पंधरा वर्षांनी, पावसाच्या तोंडावर, तेथील माणसांनी आपली घरे आपल्या हातांनी पाडली. विटा, दारे, चौकटी गाड्यांत भरल्या आणि गाव सोडले.

हरसूदच्या तालुक्यातच पिपल्या येथे संत सिंगाजींची समाधी आहे. गवळी समाजात जन्मलेल्या या सोळाव्या शतकातील संताची भजने निमाडात घरोघरी गायिली जातात. इंदिरा सागराचे पाणी चढले तेव्हा समाधीचे स्थान उंच भराव घालून वाचवण्यात आले. आज तिच्या चहूबाजूंस जलाशय पसरलेला दिसतो. शरद पौर्णिमेची यात्रा अजून भरते. संताची समाधी उचलून उंच करता येते. त्या संताची भजने गाणारे पार, ओटे, चावड्या आणि मंडळी उंच करता येत नाहीत. भजनी मंडळातला टाळकरी एका वसाहतीत, मृदंगवाला दुसऱ्या गावी आणि ओळ टाकणारा मजुरीसाठी शहरात गेला, की मंडळ संपते. गाण्याचे विस्थापन असे होते, आणि त्याची भरपाई कोणत्याही तक्त्यात लिहिलेली नसते.

धरणांच्या लाभहानीचा हिशेब मांडण्यासाठी मी उभा नाही. पाणी आणि वीज कोणाला नको असते? आपल्या मागांनाही वीज लागतेच. मी फक्त एका फरकाकडे लक्ष वेधतो. 'मा रेवा' ध्वनिमुद्रित झाले तेव्हा गाण्यातली नदी आणि खोऱ्यातली नदी बरीचशी एकच होती. आज पुनाशापासून खाली धरणांमागून धरणांचे फुगवटे आहेत, आणि कितीतरी घाटांपाशी गाण्यातले ते खळाळणे ऐकू येत नाही. तेथे पाणी उभे आहे. ध्वनिमुद्रिका जशीच्या तशी राहिली, तिच्याभोवतीचे जग बदलले आणि भक्तिगीताची साक्ष झाली. गाणाऱ्यांनी ती तशी योजली होती असे नाही. एका नदीला तिच्या लेकरांनी कोणत्या गुणासाठी आई म्हटले होते, याचा पुरावा त्या गाण्यात राहिला.

मित्रहो, या ठिकाणी काही रास्त आक्षेप घेतले जातात, त्यांना बगल देऊन चालणार नाही. पहिला आक्षेप असा, की खोऱ्यातल्या माणसांच्या दुःखाचे गाणे शहरातल्या सभागृहात टाळ्या मिळवते, तिकिटे खपतात. गाणे देणाऱ्याच्या पदरात काय पडते? हा आक्षेप मला खरा वाटतो. त्याचे उत्तर 'बाहेरच्यांनी गाण्याला हात लावू नये' असे मात्र असू शकत नाही. कुमार गंधर्व १९४८ मध्ये क्षयाने जर्जर होऊन देवासला आले ते बाहेरचेच होते. वर्षानुवर्षे अंथरुणावर पडून त्यांनी माळव्यातील बायकांची गाणी ऐकली आणि पुढे त्या धुनांतून आपले संगीत नव्याने उभे केले. माळव्याच्या धुना त्यामुळे उणावल्या असे कोणी म्हणणार नाही. देशाला माळवा ऐकू आला. दुसरा आक्षेप गोंगाटाचा. विजेच्या गिटारीवर रेवामाईचे गाणे ही विटंबना नव्हे काय? यावर मी एवढेच म्हणेन, की आपल्या गावात हातमागावर बसलेला माणूस गुणगुणू शकत असे. यंत्रमाग आला आणि शेजारच्या माणसाशी बोलायलाही ओरडावे लागू लागले. जगच जेव्हा कर्कश होते, तेव्हा गाण्याने आवाज चढवला तर दोष गाण्याचा नव्हे.

तिसरा आक्षेप मात्र मीच घेतो, आणि तो या एका ध्वनिमुद्रिकेपुरता नाही. अशा गाण्यांच्या पुढे कवीच्या जागी 'पारंपरिक' असा शब्द छापण्याची रीत आहे. शब्द आदराचा दिसतो, पण त्याच्या आडोशाला फार माणसे हरवतात. परंपरा काही गात नाही. एखादी बाई गाते, तिला एक नाव असते, गाव असते, आणि तिला ते गाणे शिकवणारी दुसरी कोणी असते. 'मा रेवा' राहुल रामांनी खोऱ्यात ऐकले, एवढे आपणांस कळले. ज्या घाटावर, ज्या कंठातून ते त्यांच्यापर्यंत आले, तो कंठ 'पारंपरिक' या शब्दात विरून गेला.

हे टाळता येते, याची दोन उदाहरणे आपल्या मराठीतच आहेत. पहिले आपल्या अगदी दाराशी आहे. आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी यांना लिहिता-वाचता येत नव्हते. शेतात, जात्यावर त्या रचीत आणि गात. त्यांची काही गाणी घरातल्या मुलांनी उतरवून घेतली. १९५१ मध्ये त्या गेल्या आणि १९५२ मध्ये सोपानदेवांच्या प्रयत्नाने व आचार्य अत्रे यांच्या पुढाकाराने ती पुस्तकरूपाने आली. घरच्यांनी कागद पुढे ओढला नसता, तर आज ती गाणी फार तर 'पारंपरिक खानदेशी ओव्या' म्हणून कोठेतरी छापली गेली असती. दुसरे उदाहरण पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटेव्हिन यांचे. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, पुढे हजारो ओव्यांचे ध्वनिमुद्रणही झाले, आणि मुख्य म्हणजे ओवी म्हणणाऱ्या बाईचे नाव आणि गाव यांची नोंद ठेवली. जाती बंद पडली, पिठाच्या गिरण्या आल्या. पण ती नोंद सांगते की अमुक गावच्या अमुक बाईने हे म्हटले होते. मला हे काम कोणत्याही शिलालेखाइतके टिकाऊ वाटते.

शेवटी मी आपल्या गावाकडे येतो. अब्दुर्रहीम खानखानांच्या काळात, १६१५ च्या सुमारास बांधलेला कुंडी भंडारा आपण पाहुण्यांना अभिमानाने दाखवतो. सातपुड्याच्या पायथ्याचे झिरपणारे पाणी जमिनीखालच्या बोगद्यातून गावापर्यंत आणले आहे आणि वर ठिकठिकाणी शंभरावर कुंड्या आहेत. कुंडी म्हणजे पाणी नव्हे. वाहते पाणी दिसावे आणि उपसता यावे म्हणून केलेले ते तोंड. कुंडी कितीही देखणी बांधली आणि डोंगरातला झरा आटला, तर खाली वाकून पाहणाऱ्याला अंधारच दिसेल. ध्वनिमुद्रिकेचेही तसेच आहे. 'कंदिसा'सारखी उत्तम बांधलेली कुंडी लाभणे हे भाग्य. परंतु झरा घराघरांत आहे आणि तो आपल्या देखत आटतो आहे. आपल्या किती घरांत आजीच्या ओव्या नातीला येतात? विणकर मोहल्ल्यातल्या लग्नघरची उर्दू गाणी, सिंगाजींची भजने, केळीच्या बागेत काम करणाऱ्या बायकांची गाणी, आपल्या खानदेशी मराठीतली हळदीची गाणी, यांपैकी काय काय पुढच्या पिढीपर्यंत पोहोचेल?

म्हणून या व्याख्यानाच्या निमित्ताने शाळेपुढे मी एक छोटी सूचना ठेवतो. आज प्रत्येक घरात आवाज टिपणारा फोन आहे. बहिणाबाईंच्या मुलांपाशी फक्त वही होती. शाळेने एक जाड नोंदवही घालावी. इयत्ता आठवी-नववीच्या प्रत्येक विद्यार्थ्याने दिवाळीच्या सुट्टीत आपल्या घरातले वा गल्लीतले एक गाणे टिपून आणावे, भाषा कोणतीही असो. वहीत चार रकाने असावेत: गाणे कोणते, म्हटले कोणी, त्या कोणत्या गावच्या, आणि त्यांना ते कोणी शिकवले. चौथा रकाना रिकामा सोडण्याची मुभा नसावी. आजीला आठवत नसेल तर मुलाने तिच्याजवळ आणखी थोडा वेळ बसावे. अधिक महत्त्वाचे हे, की गाणे नुसते टिपून कपाटात जाऊ नये. वार्षिक संमेलनात ज्याने ते आणले त्यानेच ते गावे, आणि गाण्याआधी देणाऱ्याचे नाव मोठ्याने उच्चारावे. त्याबरोबर गिटार वाजली तर वाजू द्या, ड्रम वाजला तर वाजू द्या. मुले आपल्या वेगाने गातील. लंडनच्या आयरिश मुलांनी तेच केले, दिल्लीच्या चौघांनी तेच केले. त्यांच्यापेक्षा आपली मुले एक गोष्ट अधिक करू शकतील: गाणे ज्या कंठातून आले, तो कंठ समोरच्या रांगेत बसवू शकतील.

अशीम चक्रवर्ती २००९ मध्ये गेले. सुस्मित सेन २०१३ मध्ये वाद्यवृंदातून बाहेर पडले. हरसूदच्या जागी आज पाणी आहे. 'मा रेवा' मात्र कोणीही, केव्हाही लावून ऐकू शकतो. गाण्याचे आयुष्य माणसाच्या आणि गावाच्या आयुष्याहून मोठे असते. म्हणूनच त्याच्यासोबत माणसाचे आणि गावाचे नाव पाठवण्याची जबाबदारी आपल्यावर येते. गुरुजींचा तो साधा प्रश्न प्रत्येक वर्गात विचारला जावा, अशी या शाळेच्या एका जुन्या विद्यार्थ्याची विनंती आहे.